बियांपासून पांढरा यॅरो : कापायच्या फुलांसाठी आणि कॉटेज पद्धतीच्या वाफ्यासाठी

प्रश्न : चिकणमाती

नमस्कार मंडळी. दक्षिण इंग्लंडमध्ये अ‍ॅलॉटमेंटवर (भाजी-फुलांसाठी भाड्याने घेतलेल्या जागेत) ४ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद वाफा रिकामा आहे. माती भारी चिकण, हिवाळ्यात पाणी धरणारी, उन्हाळ्यात भेगा पडणारी. ऊन दिवसभर. इथे बहुवर्षायू पांढरा यॅरो (अकिलिया हे फुलझाड) बियांपासून करायचा आहे. अर्धी फुलं कापून गुच्छात जिप्सोफिलाच्या जागी भराव म्हणून वापरायची आणि उरलेली झाडं पुढे घराजवळच्या फुलवाफ्यात गुलाब, डेल्फिनियमच्या पायाशी लावायची, असा बेत आहे.

पाकिटावर 'अकिलिया द पर्ल, दुहेरी पांढरा' असं लिहिलंय. शंका अशा :
१. पेरणी कधी आणि कशी? बी धुळीसारखं बारीक आहे.
२. पहिल्याच वर्षी फुलं मिळतील का?
३. चिकणमातीत टिकेल का? सगळीकडे 'यॅरोला कोरडी, हलकी जमीन लागते' असंच वाचायला मिळतं.
४. गणपतीच्या सजावटीसाठी ऑगस्टअखेर-सप्टेंबरात फुलं हवी असतील तर काय करावं?

उत्तर : वाफेकरी

तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. पांढरा यॅरो म्हणून दोन वेगळी झाडं विकली जातात आणि त्यांच्या गरजा जवळजवळ उलट्या आहेत.

अकिलिया मिलेफोलियम म्हणजे पिसासारखी, शेपूच्या जवळ जाणारी पानं आणि सपाट थाळीसारखा फुलोरा. याला पाण्याचा निचरा होणारी, भुकेली (कमी कसाची) जमीन लागते. तुम्ही वाचलंय ते याच्याबद्दल. इंग्लंडात तो हिरवळीतलं तण म्हणून आपोआप उगवतो; त्याचा रानटी पांढरा रंग मळकट असतो, त्यामुळे त्यासाठी बियाण्यावर पैसे घालवू नयेत असं माझं मत.

अकिलिया टार्मिका वेगळा. पानं लांबट, अरुंद, कडेला करवतीसारखे बारीक दाते. फुलं सुटसुटीत झुपक्यात, छोट्या गुंड्यांसारखी. मूळचा ओलसर कुरणांतला असल्यामुळे ओल धरणाऱ्या मातीत तो खुश असतो आणि कोरड पडली की खालची पानं पिवळी करतो. 'द पर्ल' हा यातलाच. म्हणजे तुमची चिकणमाती इथे अडचण नाही, उलट सोय आहे. मात्र हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे पाणी तुंबत असेल तर टार्मिकाची मुळंही कुजतात. वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा १० ते १५ सेमी उंच करा, वरच्या वीतभर मातीत भरपूर कुजलेलं कंपोस्ट मिसळा. बारीक वाळू मात्र घालू नका. चिकणमातीत थोडी वाळू घातली की माती मोकळी होत नाही, आणखी घट्ट बसते.

आता पाकिटाबद्दल. बियांपासून केलेला 'द पर्ल' एकसारखा येत नाही. त्याच पाकिटातून काही झाडं भरगच्च दुहेरी, काही अर्धवट आणि काही चक्क एकेरी, मध्ये पिवळसर डोळा असलेली निघतात. म्हणूनच बियांपासून वाढवलेल्यांना 'द पर्ल ग्रुप' म्हणतात. फुटव्यांपासून केलेली 'बूल द नेज' किंवा 'पेरीज व्हाइट' ही रोपं मात्र ठरावीक फुलाची असतात. याचा अर्थ बी घेऊ नये असा नाही. झाडं लागतील त्याच्या दीडपट रोपं करा आणि फूल दिसल्यावर निवड करा, एवढाच. तुमच्या वाफ्यात ३० सेमी अंतराने ४ ओळी, एका ओळीत १३, म्हणजे साधारण ५० झाडं बसतील. रोपं ७५ ते ८० धरा.

पेरणी : फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत, घरात. उथळ ट्रेमध्ये चाळलेलं बी-पेरणीचं कंपोस्ट ३ भाग, परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) १ भाग. आधी ट्रे पाण्यात ठेवून खालून पूर्ण भिजवा, निथळू द्या, फळीने वरचा थर सपाट दाबा. बी कोरड्या बारीक वाळूत मिसळून भुरभुरा, नाहीतर एकाच जागी शंभर रोपं उगवतात. वरून माती टाकायची नाही. या बियांना उगवायला उजेड लागतो. पुन्हा फळीने अलगद दाबा, पारदर्शक झाकण लावा, तापमान १८ ते २० अंश. १० ते २० दिवसांत बहुतेक उगवतं. आधी फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही.

दोन खरी पानं (बीजपानांनंतरची) आली की देठाला हात न लावता पानाला धरून एकेक रोप ६-७ सेमीच्या कप्प्यात हलवा. चौथ्या पानापर्यंत पाकीट खरं की खोटं ते कळतं : पानं पिसासारखी निघाली तर ते मिलेफोलियम आहे, वेगळ्या जागी न्या.

उत्तर : ओलकोरड

वरच्या उत्तरातल्या एका गोष्टीला माझी हरकत आहे. बी पूर्ण उघडं ठेवलं तर इंग्लंडातल्या घरात, हीटर चालू असताना, वरचा थर दुपारपर्यंत कोरडा पडतो. अंकुर फुटायला लागलेलं बी एकदा कोरडं पडलं की मेलं. बारीक व्हर्मिक्युलाइटचा (तापवून फुगवलेल्या हलक्या खनिजाचा) अगदी पातळ, २ मिलिमीटरचा थर द्यावा. त्यातून उजेड जातो आणि ओलही टिकते. कंपोस्टचा तेवढाच थर दिला तर मात्र उगवण निम्म्यावर येऊ शकते, कारण त्यातून उजेड जात नाही.

उगवण फसते ती बहुतेक या कारणांनी :

बी खोल गाडलं गेलं. वरून झारीने पाणी दिल्यावर हे हमखास होतं, बारीक बी पाण्याबरोबर फटीत उतरतं. पाणी नेहमी खालून.

ट्रे रेडिएटरवर ठेवला. २५ अंशांच्या वर उगवण वाढत नाही, रोपं फक्त लांबुडकी होतात.

झाकण उशिरा काढलं. निम्मं बी उगवलं की झाकण काढायचं. राहिलेल्या निम्म्याच्या लोभाने झाकण तसंच ठेवलं की रोपं जमिनीलगत बारीक, तपकिरी होऊन कोलमडतात. ही मर. एका कोपऱ्यात सुरू होते आणि दोन दिवसांत ट्रे खलास होतो. लागलेला भाग आजूबाजूच्या मातीसकट चमच्याने काढून टाका, पाणी थांबवा, हवा खेळू द्या. दाट पेरणी हे मरीचं मूळ कारण, म्हणून वाळूत मिसळायचा सल्ला सोडू नका.

खिडकीतली रोपं एका बाजूला झुकतात. ट्रे रोज फिरवा, आणि कप्प्यात हलवल्यावर गरम खोलीतून काढून १० ते १२ अंशांच्या उजेडी जागी ठेवा. थंडीत वाढलेलं रोप बुटकं पण दणकट होतं.

बाहेर लावण्याआधी ८-१० दिवस रोज थोडा जास्त वेळ बाहेर ठेवून सरावू द्यायचं. लागवड मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. कोवळ्या कोंबांवर गोगलगायी, विशेषतः बिनशंखाच्या, तुटून पडतात. लावल्यानंतरचे पहिले तीन आठवडे संध्याकाळी बॅटरी घेऊन फेरी मारणं सगळ्यात खात्रीचं.

उत्तर : वाफेकरी

व्हर्मिक्युलाइट मान्य. ते नसेल तर उघडंच ठेवा, पण झाकण हवंच.

पहिल्या वर्षीच्या फुलांचं राहिलं होतं. मार्चच्या मध्यापर्यंत पेरलेल्यांपैकी बरीच झाडं जुलैअखेर ते सप्टेंबर थोडी फुलं देतात. तेवढी निवडीला पुरतात, कापायला नाही. एप्रिलनंतर पेरलं तर काही झाडं पहिल्या वर्षी नुसता पानांचा गुच्छ करून बसतात. खरा बहर दुसऱ्या वर्षी जून ते ऑगस्ट, उंची ६० ते ७५ सेमी. पहिल्या वर्षी भरपूर फूल हवंच असेल तर 'नोब्लेसा' हा टार्मिकाचाच बुटका दुहेरी प्रकार बियांपासून लवकर फुलतो आणि बराच एकसारखा येतो. पण दांडा आखूड, कुंडीच्या कामाचा. लांब देठाच्या गुच्छाला तो पुरत नाही.

घाई नसेल तर दुसरा मार्ग जास्त शांत आहे : जूनमध्ये थंड सावलीत पेरा, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लावा. चिकणमातीत त्याहून उशीर नको. मुळं पसरण्याआधी पावसाळी थंडी आली तर मार्चमध्ये गाळात काळं पडलेलं बुडखं तेवढं सापडतं.

उत्तर : दोरी_आणि_काठ्या

टार्मिकाचा मोठा दोष कुणी सांगितला नाही. तो लोळतो. दांडे बारीक, वर दुहेरी फुलांचं वजन, जुलैतला एक पाऊस आणि सगळा वाफा आडवा. एकदा आडवा झालेला दांडा टोकाशी वाकून वर येतो. तो गुच्छात सरळ बसत नाही, म्हणजे कापणीच्या दृष्टीने वाया.

उपाय रोपं १५-२० सेमी असतानाच करायचा. १५ सेमी चौकोनांची फुलशेतीची जाळी जमिनीपासून ३० ते ४० सेमीवर आडवी ताणा, वाफ्याच्या कडेला दर मीटरला खुंटी. दांडे त्यातून वर येतात आणि जाळी दिसेनाशी होते. फुलं आल्यावर दोरीने बांधलेलं झाड गवताच्या पेंढीसारखं दिसतं, कापायलाही सोयीचं नाही. फुलवाफ्यात जाळी बरी दिसत नाही, तिथे एप्रिलमध्ये हेझलच्या फांद्या मध्ये खोचून ठेवा.

खत कमी. नत्र जास्त झालं की उंची वाढते, दांडा मऊ होतो आणि मावा येतो. वसंतात २-३ सेमी कंपोस्टचा थर टार्मिकाला पुरे. मिलेफोलियमला तोही नको.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक तृतीयांश उंची छाटणं, ज्याला तिकडे 'चेल्सी चॉप' म्हणतात कारण ते लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोच्या सुमारास येतं, टार्मिकावर चांगलं चालतं. झाड बुटकं आणि फांद्याळ होतं, लोळणं कमी, फुलं दोन ते चार आठवडे उशिरा. किंमत अशी की दांडा आखूड आणि फुलांचे झुपके लहान. म्हणून सगळ्या वाफ्याला एकदम लावू नका. अर्ध्या ओळी छाटा, अर्ध्या सोडा, हंगाम लांबतो. पहिल्या वर्षीच्या रोपांना मात्र हात लावू नका, त्यांना आधी मुळं करू द्या.

चिकणमाती

मनःपूर्वक आभार. मिलेफोलियमवरचं वाचून टार्मिकाला लावत होतो, आता उलगडलं. निवड नेमकी कशी करायची? आणि कापणी, गणपती यांचं कुणी सांगेल का?

उत्तर : देठ

कापणी. हा प्रकार कळीत कापायचा नाही. गुलाब, ग्लॅडिओलस पुढे फुलदाणीत उमलतात. यॅरो कच्चा कापला तर मान टाकतो आणि पाण्यात ठेवूनही उठत नाही. 'द पर्ल'च्या झुपक्यातल्या बहुतेक गुंड्या पूर्ण उघडल्या, मध्यभागी तपकिरी छटा अजून आली नाही, तेव्हाची वेळ बरोबर. मिलेफोलियमसाठी थाळीतली सगळी फुलं उघडून परागकण दिसायला लागले पाहिजेत. झुपक्याखालचा दांडा बोटांनी चाचपून पाहा : कडक लागला तर कापा, लवत असेल तर आणखी दोन दिवस थांबा.

सकाळी, दव सुकल्यावर कापा. बुडाशी दोन-तीन पानं सोडून, म्हणजे तिथून बाजूचे फुटवे येतील. पाण्यात बुडणारी सगळी पानं ओरबाडून काढा. यॅरोचं पाणी लवकर नासतं आणि वास सुटतो, तेव्हा दर दुसऱ्या दिवशी पाणी बदला. गुच्छ बांधण्याआधी काही तास थंड, अंधाऱ्या जागी खोल बादलीत ठेवा. फुलदाणीत आठवडाभर, जपलं तर दहा दिवस.

गणपतीसाठी दोन वाटा आणि दोन्ही धरा. चतुर्थी ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापलीकडेही जाते, त्यामुळे एका तारखेवर झाड आणता येत नाही. पहिली वाट : जुलैच्या मध्यात पहिला बहर संपला की झाडं जमिनीपासून १० सेमीवर सरसकट कापा आणि एकदा भरपूर पाणी द्या. सहा-आठ आठवड्यांत दुसरा, लहान बहर येतो. कोरडा उन्हाळा असेल आणि पाणी दिलं नाही तर येत नाही. चतुर्थी लवकर असेल त्या वर्षी अर्धी झाडं जुलैच्या सुरुवातीलाच कापा, फुलं असली तरी.

दुसरी वाट खात्रीची : जुलैतली फुलं वाळवून ठेवा. १०-१२ दांड्यांच्या जुड्या, बांधायला रबर. दोरा नको, कारण दांडे सुकून आक्रसतात आणि जुडी सुटून खाली पडते. उलट्या टांगा, अंधारात, हवेशीर, दोन ते तीन आठवडे. उजेडात वाळवलेला पांढरा पिवळट होतो. मखराच्या कमानीला, तोरणाला या वाळलेल्या गुंड्या सुरेख दिसतात.

एक सूचना. शेवंती, गाजरगवत यांच्याच कुळातलं झाड आहे. ज्यांना त्यांनी खाज येते त्यांनी हातमोजे घालूनच कापावं. कुत्रा, मांजर, घोडा यांनाही खाऊ देऊ नये.

उत्तर : वाफेकरी

निवड. फुलं आल्यावर प्रत्येक झाडासमोर उभं राहून तीन गोष्टी पाहा : गुंडी भरलेली आहे की मधला पिवळा डोळा दिसतो, पांढरा स्वच्छ आहे की राखट, आणि दांडा पावसानंतर उभा आहे का. पहिल्या फुलावरून निकाल देऊ नका; उशिरा पेरलेलं झाड पहिल्या वर्षी अर्धवट दुहेरी दाखवून दुसऱ्या वर्षी भरगच्च होऊ शकतं. स्पष्ट एकेरी मात्र एकेरीच राहतात.

उत्तम झाडांच्या बुडाशी त्याच दिवशी रंगीत दोरा बांधा. सप्टेंबरनंतर सगळी झाडं सारखी दिसतात आणि आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही. एकेरी झाडं खुरप्याने नाही, खोरं घालून पांढऱ्या मुळांसकट काढा. मुळाचा बोटभर तुकडा राहिला तरी फुटतो, आणि एकेरी झाड जोमदार असल्यामुळे दोन वर्षांत दुहेरीला ढकलून देतं. वाळलेली बोंडंही ठेवू नका, खाली पडलेल्या बियांतून आलेली रोपं आईसारखी नसतात आणि दुहेरीच्या घेऱ्यातच उगवल्याने ओळखू येत नाहीत.

मग पुढचं बी-बियाणं विसरा. मार्चअखेर, कोंब ३-५ सेमी असताना, निवडलेला गड्डा उपटून कडेचे तीन-चार कोंबांचे तुकडे करा आणि तेच लावा. मधला म्हातारा, लाकडी भाग फेकून द्या. एका चांगल्या झाडापासून ८-१० रोपं होतात. दर दोन-तीन वर्षांनी हे करावंच लागतं, नाहीतर मधून टक्कल पडतं. घराजवळच्या वाफ्यात न्यायचे ते हेच तुकडे, सरसकट रोपं नाहीत. तिथे ४५ सेमी अंतर ठेवा, तीन-तीनच्या गटात. गुलाबाच्या अगदी बुंध्याशी नको, हवा कोंडते आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते. निळी कॅम्पॅनुला, नेपेटा, गडद नॉटिया यांच्यामध्ये पांढरा उठून दिसतो. डेल्फिनियम जुलैत कापल्यावर उरणारी मोकळी जागाही हा भरून काढतो.

उत्तर : जर्सीकर

न्यू जर्सीतून एक भर. थंडीची काळजी नाही, यॅरो उणे ३० अंशांतही तग धरतो. इकडे मारतो तो जुलैचा दमट उकाडा. मिलेफोलियमवर भुरी आणि टार्मिकाची खालची पानं काळी. अंतर ४५ सेमी, दुपारनंतर थोडी सावली, आणि पहिला बहर संपताच सरसकट कापणी. इथे जानेवारी-फेब्रुवारीत दुधाच्या पारदर्शक कॅनमध्ये, तळाला भोकं पाडून, बाहेर बर्फातच पेरलं तरी चालतं. एप्रिलमध्ये हवा तापली की उगवतं आणि रोपं आधीच सरावलेली असतात.

प्रश्न : सहकारनगर

पुण्यात गच्चीवर जमेल का? ऑक्टोबरात पेरावं म्हणतेय.

उत्तर : देठ

ताई, रोप होईल, फुलाची आशा धरू नका. यॅरो मोठ्या दिवसाचं झाड आहे, कळी धरायला त्याला लांब दिवस लागतो. पुण्याच्या हिवाळ्यात दिवस ११ तासांचा, आणि सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास. तो येतो जूनमध्ये, नेमका मुळं कुजवणाऱ्या पावसाच्या तोंडावर. हिमाचल-काश्मीरमध्ये मिलेफोलियम रानात वाढतो, कारण तिथे उन्हाळ्याचा दिवस मोठा आणि हवा थंड. पांढरा भरावच हवा असेल तर ऑक्टोबरात एकवर्षायू जिप्सोफिला आणि पांढरा कँडीटफ्ट थेट कुंडीत पेरा, दर पंधरा दिवसांनी एक कुंडी. त्यांची रोपं हलवू नका.

चिकणमाती

शेवटची शंका. शेजारचा प्लॉट भाजीवाल्यांचा आहे. मुळं तिकडे गेली तर भांडण होईल.

उत्तर : दोरी_आणि_काठ्या

मुळं उथळ धावतात. शेजारच्या बाजूला २० ते २५ सेमी खोल जाड प्लॅस्टिकची पट्टी गाडा, वरची कड मातीवर ४-५ सेमी ठेवा, नाहीतर मुळं वरून उडी मारतात. आतून वीतभर पट्टा मोकळा सोडा आणि वर्षातून दोनदा, एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये, कुदळीने कापत जा. कापलेली मुळं कंपोस्टच्या ढिगात टाकू नका, तिथेही फुटतात. आधी उन्हात खडखडीत वाळवा.